ज्याचा त्याचा कान: बँडच्या हेडफोन मिक्ससाठी मावशीचे कानमंत्र

बाळा, बँडचं रेकॉर्डिंग स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या कॉम्प्युटरवर करायचं ठरवलंस हे फार छान केलंस. माइक कुठला घ्यायचा, कुठे ठेवायचा यावर तुम्ही पोरं रात्रभर बोलू शकता, ते मी ऐकलंय. पण वाजवणाऱ्याच्या कानात काय जाणार, हा विचार मात्र शेवटच्या दहा मिनिटांत उरकला जातो आणि सगळा दिवस तिथेच अडतो. ज्याला स्वतःचं आणि दुसऱ्याचं नीट ऐकू येतं तो नवशिका असला तरी मोकळेपणी वाजवतो. ज्याला येत नाही तो कितीही मुरलेला असो, चाचपडत राहतो. म्हणून हे लिहून देतेय. एका दमात वाचू नकोस, वायरी जोडताना जवळ ठेव.

तुमच्यात गाणारी, गिटार, बेस, कीबोर्ड, ड्रम आणि कधीमधी तबला, असं धरून सांगते. सॉफ्टवेअर रीपर धरलंय, तुझ्याकडे तेच आहे म्हणून. क्युबेस, लॉजिक, प्रो टूल्स यांत बटणांची नावं बदलतात, रीत तीच राहते.

१. आधी इंटरफेसच्या मागचे आउटपुट मोज, मग माणसं मोज — आठ आउटपुट असतील तर दोन तुझ्या स्पीकरला जातात, उरलेल्या सहांत तीन स्टिरिओ मिक्स बसतात किंवा सहा मोनो. सॉफ्टवेअरमध्ये कितीही ट्रॅक उघडलेस तरी भोकं वाढत नाहीत.

२. पुढे हेडफोनची दोन भोकं दिसली म्हणजे दोन जास्तीची मिक्स मिळाली, असं समजू नकोस — पुष्कळ इंटरफेसवर ते भोक मागच्याच एखाद्या जोडीची नक्कल असतं. मॅन्युअलमध्ये ते एका ओळीत लिहिलेलं असतं, ती ओळ शोध.

३. पाच माणसं आहेत म्हणून पाच मिक्स लागतातच असं नाही. ड्रमवाला आणि बेसवाला एका मिक्सवर सुखाने राहतात — दोघांनाही क्लिक हवा, एकमेकं हवेत आणि गाणं कुठवर आलंय याचा अंदाज हवा. गाणारीला मात्र तिचं स्वतंत्र मिक्स दे, बाकी कुठेही ओढाताण झाली तरी.

४. आउटपुट कमी पडले तर मोनोवर ये, एका जोडीचा डावा एकाला आणि उजवा दुसऱ्याला — कीबोर्डचा पसारा थोडा आकसतो, पण प्रत्येकाला आपलं मिक्स मिळतं. फक्त तो एक आउटपुट दोन्ही कानांत जाईल अशी वायर किंवा अडॅप्टर लाव, नाहीतर बिचारा दिवसभर एका कानाने ऐकेल आणि भिडेपोटी बोलणारही नाही.

५. चार भोकांचा छोटा हेडफोन अँप घेताना त्याला इनपुट किती ते आधी बघ — बेहरिंगरचा एचए-४०० घे, त्यात एक स्टिरिओ इनपुट आहे; म्हणजे चौघांना आवाज आपापला कमी-जास्त करता येतो, पण मिक्स चौघांचं एकच. वेगवेगळी मिक्स हवीत तर प्रत्येक चॅनेलला स्वतंत्र इनपुट असलेला रॅकचा अँप घ्यावा लागेल.

६. लाइन आउटमध्ये पिन बसते म्हणून हेडफोन तिथे खुपसू नकोस — हेडफोनची पाव इंची पिन आणि बॅलन्स्ड लाइनची पिन दिसायला अगदी सारख्या, पण बॅलन्स्ड आउटपुट मोनो असतो आणि त्याच्या दोन टोकांपैकी एक उलट्या फेजचं असतं. दोन्ही कानांत आवाज येतो, पण तो डोक्याच्या मध्ये ठरत नाही आणि अर्ध्या तासात माणूस वैतागतो.

७. दोन मोनो पिना एका स्टिरिओ पिनेत नेणाऱ्या वाय केबल गरजेपेक्षा दोन जास्त आण — पुण्यात असशील तर तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात, रात्री अकरा वाजता खोलीत मात्र मिळत नाहीत.

८. एडॅटने आउटपुट वाढवणार असशील तर ९६ किलोहर्ट्‌झची हौस आवर — एका एडॅट केबलमधून ४८ किलोहर्ट्‌झला आठ चॅनेल जातात, ९६ ला चारच. अर्ध्या लोकांचे हेडफोन मुके होतील.

आता जे सांगते ते सगळ्यात महत्त्वाचं. तुझं ऐकणं वेगळं आणि त्यांचं ऐकणं वेगळं. तुला रेकॉर्ड होणारा आवाज तपासायचा असतो: कुठे खरखर आहे का, बेस फुगतोय का, गाण्यातला श्वास नको तिथे येतोय का. त्यासाठी तू फेडर वर-खाली करणार, एखादं वाद्य एकटं ऐकणार. ते तुझं कामच आहे. पण त्यातलं काहीही त्यांच्या कानापर्यंत पोचता कामा नये. हे दोन प्रवाह पहिल्या दिवशीच वेगळे काढ.

९. प्रत्येक माणसासाठी एक रिकामा ट्रॅक कर, त्याला ‘कान गायिका’, ‘कान ड्रम’ अशी नावं दे, त्याचा मास्टर सेंड काढून टाक आणि हार्डवेअर आउटपुट ज्याच्या त्याच्या जोडीला लाव — मास्टर सेंड तसाच राहिला तर ही सगळी मिक्स तुझ्या स्पीकरमध्येही ओतली जातात आणि आवाज एवढा का फुगला हे तासभर कळत नाही.

१०. वाद्यांच्या ट्रॅकवरून कान-ट्रॅकला सेंड काढताना प्रत्येक सेंड प्री-फेडर कर — पोस्ट-फेडर सेंड तुझ्या फेडरच्या मागे जातो. तू स्वतःसाठी बेस जरा खाली घेतोस आणि तिकडे ड्रमवाल्याच्या कानातून बेस नाहीसा होतो, तोही ऐन अंतऱ्यात. फेडर हलला, गायक ढळला, हे मॉनिटरशेजारी लिहून चिकटव.

११. नवा सेंड सॉफ्टवेअर सहसा पोस्ट-फेडरच काढून देतं, म्हणून रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये जाऊन नव्या सेंडचा प्रकार एकदाच बदलून ठेव — सहा वाद्यं आणि चार कान म्हणजे चोवीस सेंड; हाताने बदलायला बसलास की एखादा राहतोच, आणि राहिलेला नेमका गाणारीचा असतो.

१२. रीपरमध्ये प्री-फेडरच्या दोन तऱ्हा आहेत, इफेक्टच्या आधीची आणि नंतरची. दोन्हींचा फरक समजून वापर — गिटार अँप सिम्युलेटरमधून वाजत असेल तर गिटारवाल्याला इफेक्टनंतरचाच आवाज हवा, कोरड्या तारेवर त्याचं बोट चालणार नाही. गाणारीच्या ट्रॅकवर तू कॉम्प्रेसर लावून बघणार असशील तर तिला इफेक्टच्या आधीचा दे, तुझे प्रयोग तिच्या कानात नकोत.

१३. टेक चालू असताना सोलोचं बटण दाबू नकोस — पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये एक ट्रॅक सोलो केला की बाकीचे सगळे गप्प होतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे सेंडही. सोलो दाबला, बँड थांबला. कान-ट्रॅकना आणि क्लिकला सोलोपासून वाचवायची सोय जवळपास सगळीकडे असते, ती आधी लाव आणि लागली का ते खोटा टेक घेऊन बघ.

१४. म्यूटचंही तसंच तपासून ठेव — म्यूट केल्यावर प्री-फेडर सेंड चालू राहतो की बंद होतो, हे प्रत्येक सॉफ्टवेअरचं आणि कधी कधी त्यातल्या सेटिंगचंही वेगवेगळं असतं.

१५. क्युबेस वापरणाऱ्या मित्राकडे रेकॉर्डिंग असेल तर कंट्रोल रूम उघडायला सांग — त्यात चार क्यू मिक्स आणि टॉकबॅक तयारच असतात, ट्रॅक जोडत बसावं लागत नाही.

१६. वाद्यांचे ट्रॅक वर, कान-ट्रॅक खाली, आणि कान-ट्रॅकना एकच भडक रंग — घाईत हात चुकीच्या फेडरवर जातो. नजर आधी गेली तर वाचतो.

१७. प्रत्येक कान-ट्रॅकवर शेवटी एक लिमिटर लाव — माइक पडला, वायर सुटली, कुणी चुकून सेंड पूर्ण वर केला, तरी कानाचा पडदा शाबूत राहतो. लिमिटर पुढचा आवाज आधी वाचून उशीर करणाऱ्यातला नको, साधा घे.

उशिराचं गणित तुला आवडेल, पण ते फार लांबवत नाही. कॉम्प्युटर आवाज थोडा थोडा साठवून मग पुढे देतो, त्या साठ्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्‌झला १२८ सँपलचा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.३ आणि १०२४ म्हणजे २१ च्या वर. हे एका बाजूचं झालं. आवाज आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा, म्हणजे दुप्पट, आणि वर कन्व्हर्टर आणि ड्रायव्हरचा थोडा.

१८. रेकॉर्डिंगला बफर ६४ किंवा १२८ वर ठेव, मिक्सिंगला बसशील तेव्हा खुशाल १०२४ कर — मिक्सिंगला कुणी वाट बघत नसतं, पण गाणाऱ्याच्या कानात ४० मिलिसेकंद उशिरा आलेला स्वतःचाच आवाज त्याला गाऊ देत नाही.

१९. उशिराची तक्रार गाणारीने केली तर तिचं आधी ऐक, गिटारवाल्याचं नंतर — आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणून अँपपासून तीन मीटरवर उभं राहायची सवय असलेल्या गिटारवाल्याला नऊ मिलिसेकंद नवे नाहीत. गाणारीला मात्र स्वतःचा आवाज हाडातून त्याच क्षणी ऐकू येतो, त्यामुळे हेडफोनमधला जरा मागे पडला तरी तिला तो पोकळ आणि परका वाटतो.

२०. कॉम्प्युटर जुना असेल आणि १२८ वर कडकड आवाज येत असेल तर चालू वाजणं इंटरफेसच्या स्वतःच्या मिक्सरमधून थेट कानाला दे आणि सॉफ्टवेअरमधून फक्त आधी रेकॉर्ड केलेलं पाठव — आरएमईचं टोटलमिक्स, फोकसराइटचं कंट्रोल यांसारखी सोय त्यासाठीच असते. तिथला उशीर जाणवण्याइतका नसतो.

२१. पण मग रीपरमधलं त्या ट्रॅकचं इनपुट मॉनिटरिंग बंद कर — दोन्ही चालू राहिले तर एकच आवाज दोनदा येतो, एक लगेच आणि एक मागून, आणि गाणारी म्हणते की मी पाइपमध्ये गातेय. ती खरंच सांगत असते.

२२. जड प्लगइन रेकॉर्डिंगआधी काढ किंवा तो ट्रॅक फ्रीझ कर — काही इक्वलायझर आणि मास्टरिंगचे प्लगइन स्वतःच बराच उशीर करतात, आणि तो भरून काढायला सॉफ्टवेअर बाकीच्यांनाही थांबवू शकतं.

२३. ब्लूटूथ हेडफोन दारातच काढून घे — त्यातला उशीर दहांनी नव्हे, शंभरांनी मिलिसेकंद मोजावा लागतो. सिनेमा बघायला ठीक आहे, ठेक्याला नाही.

आता कुणाला काय द्यायचं. प्रत्येकाला सगळं द्यायची घाई करू नकोस.

२४. सगळे सेंड पूर्ण खाली घेऊन सुरू कर, आणि ज्याचं मिक्स आहे त्याला आधी स्वतःचा आवाज दे — मग विचारत विचारत एकेक वाद्य वर आण. जे मागितलंच नाही ते न दिल्याने मिक्स स्वच्छ राहतं.

२५. ड्रमवाल्याला त्याचे ड्रम फारसे देऊ नकोस — ते त्याला समोरून, हेडफोनच्या बाहेरून धडधडीत ऐकू येतात. त्याला क्लिक, बेस आणि वाट दाखवणारा गाण्याचा आवाज दे. किकचा धक्का मागितला तर किक तेवढी.

२६. बेसवाल्याला किक आणि हाय-हॅट स्पष्ट दे — किकवर त्याचं बोट पडतं आणि हाय-हॅटवर मधल्या जागा भरतात.

२७. गाणारीच्या कानात स्वराचा एकच ठाम आधार ठेव, कीबोर्ड किंवा हार्मोनियम — गिटार, कीबोर्ड आणि बेस तिघं सारख्याच जोरात वाजले की सूर कुणाचा धरायचा ते ठरत नाही. बेस भरघोस असेल तर आणखीच कठीण, खालच्या पट्टीत सूर चटकन उमगत नाही.

२८. तिला थोडा रिव्हर्ब दे, पण फक्त तिच्या कानात, रेकॉर्डिंगवर नको — कोरड्या आवाजात गाणारा आखडतो, ओल्या आवाजात शब्द विरघळतात. रिव्हर्बचा एक वेगळा ट्रॅक कर आणि त्याचा सेंड तिच्या कान-ट्रॅकपुरताच ठेव.

२९. ती ओरडून गायला लागली तर तिचा आवाज तिच्या कानात वाढव; पुटपुटायला लागली तर कमी कर — गळा कानाच्या मागे चालतो. माइकचा गेन लगेच हलवू नकोस, आधी सेंड हलव.

३०. तबलजीला गाणं आणि लेहरा दे, क्लिक मागितल्याशिवाय नको — सॉफ्टवेअरचा क्लिक चार मात्रांचं माप धरून बसलेला असतो आणि पहिल्या मात्रेवर टण्णकन वाजतो. सात मात्रांच्या रूपक तालाची सम ‘खाली’वर येते, तिथे तो ठोका तबलजीच्या अंगाविरुद्ध जातो. द्यायचाच तर माप सात मात्रांचं कर आणि जोर काढून टाक.

३१. तानपुरा हवा असेल तर त्याला वेगळा ट्रॅक दे आणि सेंड गाणारीच्या कानापुरताच ठेव. पट्टी रेकॉर्डिंगच्या हार्मोनियमशी जुळवून घे, ॲपने काळी चार म्हटलं म्हणून विश्वास ठेवू नकोस — जुन्या पेट्या बऱ्याचदा ४४० च्या थोड्या वर-खाली असतात आणि तेवढ्या अंतराने गाणारी दिवसभर दोन सुरांत अडकते.

३२. क्लिकचा आवाज हाय-हॅटसारखा निवडू नकोस — तो हाय-हॅटमध्ये लपतो, मग ड्रमवाला वाढव वाढव म्हणतो, आणि वाढवलेला क्लिक हेडफोनमधून गळून गाण्याच्या माइकमध्ये शिरतो.

३३. गाण्याच्या शेवटचा सूर लांबवायचा असेल तर तिथे क्लिक आधीच बंद होईल अशी ऑटोमेशनची रेघ ओढून ठेव — बाकी वाद्यं थांबलेली असतात, त्या शांततेत गळलेला क्लिक लख्ख ऐकू येतो आणि मग काढता येत नाही.

३४. कुणी म्हणालं ‘मला ऐकू येत नाही’ तर वाढवायच्या आधी दुसरं काहीतरी कमी कर — गिटारवाला स्वतःला वाढवून मागतो तेव्हा बहुधा कीबोर्ड त्याच्या जागेवर बसलेला असतो. वाढवणारे पाच, कमी करणारा एक. तो एक तू हो.

३५. ‘ठीक आहे ना?’ असं विचारू नकोस, ‘काय ऐकू येत नाहीये?’ असं विचार — पहिल्या प्रश्नाला सगळे संकोचाने ‘चालेल’ म्हणतात आणि तिसऱ्या टेकला खरं बाहेर येतं.

हा विचारण्याचा भाग पोरं पटकन उरकतात, म्हणून थोडी थांबते. तू कॉम्प्युटरसमोर बसून सेंडचे आकडे बघत असतोस. तिकडे कानात काय पोचतंय ते त्या आकड्यांतून कळत नाही. उठ, गाणारीचा हेडफोन तिच्याच जागी, तिच्याच वायरीवर लावून कडव्याएवढं गाणं ऐक. मग ड्रमच्या स्टुलावर बस आणि ड्रमवाल्याला वाजवायला सांग. एक कान सैल आहे, वायर हलली की डावी बाजू जाते, अँपचं बटण अर्ध्यावरच अडकलंय, हे सगळं तिथेच कळतं. टेकपूर्वी प्रत्येकाच्या जागी दोन मिनिटं दिलीस तर टेकनंतरचे दोन तास वाचतात.

३६. मिक्स लावायला ड्रमवाल्यापासून सुरू कर आणि गाणारीवर संपव — ड्रम खोलीभर ऐकू येतात, म्हणून बाकीच्यांचे आवाज त्यांच्या हिशेबानेच ठरतात. आणि गळा ताजा असताना तिला तासभर ‘चेक, चेक’ करायला लावायचं नाही.

३७. मिक्स बदलायचं असेल तर दोन टेकच्या मध्ये बदल, आणि ‘तुझा बेस वाढवतोय’ असं बोलून बदल — न सांगता बदललं की माणूस स्वतःच्या वाजवण्यावर शंका घेतो.

३८. जमलं तर मिक्स त्यांच्याच हातात दे — रीपरचं ब्राउझरमधून चालणारं नियंत्रण आहे, त्यात ‘मोअर मी’ नावाचं पान आहे. एकाच वायफायवर प्रत्येकजण आपल्या फोनवरून आपला कान सांभाळतो. सोसायटीच्या वायफायवर हे करू नकोस, घरचा एखादा जुना राउटर त्यासाठीच बाजूला ठेव.

३९. रोजचाच सराव आणि रोजचंच रेकॉर्डिंग असेल तर पुढेमागे छोटा डिजिटल मिक्सर घे — बेहरिंगरच्या एक्सआर१८ मधून यूएसबीने १८ चॅनेल कॉम्प्युटरला जातात आणि त्याच्या सहा ऑक्सवर सहा मिक्स फोनवरून लावता येतात; मग बफर कितीही असो, कानाला फरक पडत नाही.

४०. टॉकबॅकचा एक साधा माइक तुझ्यापाशी ठेव, त्याचा सेंड सगळ्या कान-ट्रॅकना दे आणि मास्टरला देऊ नकोस — नाहीतर तू लांबून हातवारे करत असतोस आणि ते समजतात की टेक वाया गेला. त्यांच्या बाजूलाही बोलण्यासाठी एक माइक असू दे, उत्तर देता आलं पाहिजे.

४१. टेक सुरू होताना टॉकबॅक बंद झालाय का ते बघायची सवय हाताला लाव — तुझा चहाचा घोट पाच जणांच्या कानात जातो.

४२. पंच-इन करताना मॉनिटरिंग टेप पद्धतीच्या ऑटोवर ठेव — पंचच्या जागेपर्यंत तिला आपला जुना टेक ऐकू येतो आणि तिथून चालू आवाज. नाहीतर ती आधीच्या ओळीचा जोर कुठे होता ते न कळताच मध्ये शिरते.

४३. हेडफोन बंद पाठीचे घे — उघड्या पाठीच्या हेडफोनमधून क्लिक आणि ड्रम थेट माइकमध्ये जातात. सोनी एमडीआर-७५०६ असो की ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स, सगळ्यांना शक्यतो एकाच जातीचे दे.

४४. एकाच अँपवर वेगवेगळ्या ओहमचे हेडफोन लावलेस तर आवाज सारखा येणार नाही, हे लक्षात ठेव — बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा तिन्हींत येतो. २५० वाला शेजारच्याच भोकावर पुटपुटतो आणि ३२ वाला ओरडतो. दोष मिक्सचा नसतो.

४५. गाणारीला एक कान उघडा ठेवायची सवय असेल तर तिचं मिक्स पूर्ण झाकलेल्या कानाच्या बाजूला पॅन कर आणि दुसरा कप डोक्याला टेकवून ठेवायला सांग — लोंबता कप माइकजवळ आला की क्लिक गळतो, आणि आवाज मोठा असेल तर शिट्टीही वाजते.

४६. आवाज जपून ठेव, बाळा, हे मी रागावून सांगतेय असं समज — अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेची मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास आहे, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं उरतात. ड्रमवाला क्लिक ऐकायला त्याहून वर सहज जातो. त्याला कानात घट्ट बसणारे, बाहेरचा आवाज अडवणारे इअरफोन दे, म्हणजे क्लिक कमी आवाजातही पोचेल.

४७. दर तासाला दहा मिनिटं सगळ्यांचे हेडफोन खाली — कान थकला की तो कमी ऐकतो असं नाही, तो जास्त मागतो.

४८. माइकची पिन काढताना-घालताना किंवा फँटम पॉवर चालू-बंद करताना आधी हेडफोन अँप शून्यावर घे — तो ‘ठप्प’ आवाज कानाजवळ फार मोठा असतो.

४९. सगळं एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डवर लाव, आणि हम येतोय म्हणून अर्थची पिन कुणी काढत असेल तर काढू देऊ नकोस — ५० हर्ट्‌झची गुणगुण बहुतेक वेळा लॅपटॉपचा चार्जर काढल्याने जाते. अर्थिंग काढून जीवाशी खेळायचं कारण नाही. कॉम्प्युटर आणि इंटरफेसला यूपीएस लाव, लाइट जाते ती उत्तम टेकच्या शेवटच्या कडव्यातच.

५०. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना कागदी टेप आणि नाव लाव — एका टोकाला नाव असलं तर दुसरं टोक शोधावंच लागतं.

५१. सुरू करताना हेडफोन अँप सगळ्यात शेवटी चालू कर, आवरताना सगळ्यात आधी बंद कर.

५२. सगळं मनासारखं लागलं की त्याच दिवशी, लोक घरी जायच्या आत, प्रोजेक्ट टेम्प्लेट म्हणून सेव्ह कर आणि हेडफोन अँपच्या बटणांचा फोनवर फोटो काढ — सॉफ्टवेअर सेंड लक्षात ठेवतं, बटणं ठेवत नाही. आणि टेम्प्लेटमध्ये एक कान-ट्रॅक रिकामा ठेव, सेंड खाली आणि आउटपुट लावलेला. पुढच्या वेळी कुणीतरी बासरीवाल्या मित्राला घेऊन येणार आहेच.